दोन थरांचा चाकू

बंदूक खोलायला स्क्रूड्रायव्हर लागतो आणि पत्र्याचा डबा उघडायला ओपनर. एवढ्या दोन गरजांतून जगातला सगळ्यात ओळखीचा खिशातला चाकू जन्माला आला. स्विस सैन्याने 1889 मध्ये श्मिट-रुबिन जातीची नवी रायफल घेतली. साफसफाईसाठी ती खोलावी लागे, आणि शिधाही आता डबाबंद येऊ लागला होता. मग 1890 मध्ये ठरलं की प्रत्येक शिपायाला एक घडीचा चाकू द्यायचा. एक पातं, एक दाभण, एक ओपनर, एक स्क्रूड्रायव्हर. मूठ काळपट ओकच्या लाकडाची. चार अवजारं, आणि चारांतलं एकही हौसेखातर नाही. पंधरा हजार चाकूंची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली, कारण एवढा माल काढू शकेल असा कारखानाच स्वित्झर्लंडमध्ये नव्हता. श्वित्स प्रांतातल्या ईबाख गावच्या कार्ल एल्सनर या कारागिराला हे लागलं. त्याने देशातल्या चाकू करणाऱ्यांना एकत्र आणलं आणि 1891 पासून स्वतः सैन्याला माल पुरवायला सुरुवात केली. स्वस्त जर्मन मालापुढे टिकून राहताना तो जवळजवळ बुडाला होता.

शिपायाचा चाकू दणकट होता, पण जड. एल्सनरने अधिकाऱ्यांसाठी एक हलका, नेटका चाकू काढला आणि 12 जून 1897 रोजी त्याची नोंदणी केली. त्यात एक लहान पातं वाढलं आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू आला. त्या स्क्रूवरून आजही विनोद होतात. खरी करामत बाहेरून दिसत नाही. घडीच्या चाकूत पाठीच्या बाजूने पोलादाची एक पट्टी असते. पातं उघडताना ती किंचित उचलली जाते, परत बसते, आणि ‘खट्’ असा आवाज येतो. हीच स्प्रिंग. तोवर अवजारं मुठीच्या एकाच अंगाला असत. एल्सनरने त्याच पट्टीवर चाकूच्या पाठीकडूनही अवजारं बसवली. अवजारं वाढली, जाडी तेवढीच राहिली. सैन्याने मात्र हा चाकू कुणाला दिला नाही. ज्या अधिकाऱ्याला हवा त्याने पदरच्या पैशाने घ्यावा, असा मामला. मला यातच मल्टिटूलच्या कलेचा उगम दिसतो. सरकारातून मिळालेली वस्तू पट्ट्याला लटकवली की काम भागतं. स्वतःचे पैसे मोजून घेतलेली वस्तू रोज खिशात राहायला हवी, आणि खिसा कुणाची भीडमुर्वत ठेवत नाही.

रोज जवळ बाळगायचं मल्टिटूल निवडताना लोक अवजारं मोजतात. तेरा बरी की एकवीस? जाहिरातीही तेच आकडे पुढे करतात, त्यात चावीची कडीसुद्धा एक अवजार म्हणून मोजलेली असते. मोजावेत ते थर. दोन पातळ पत्रे, त्यांच्यामध्ये एक स्प्रिंग आणि त्या स्प्रिंगवर फिरणारी अवजारं, हा झाला एक थर. प्रत्येक थरागणिक चाकू जाड होतो, पँटच्या खिशातून डोकावायला लागतो, आणि तिसऱ्या आठवड्यात टेबलाच्या खणात जाऊन पडतो. दोन थरांत काय बसवलं, काय बाहेर ठेवलं आणि कोणाला कोणाच्या शेजारी आणलं, यात चाकू घडवणाऱ्याची अक्कल दिसते.

अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने अलंकार, गुण वगैरे सगळं मान्य करून औचित्याला काव्याचा प्राण ठरवलं. कमरपट्टा गळ्यात घातला तर हसंच होणार, हे त्याचंच उदाहरण. मल्टिटूलच्या परीक्षणाला याहून चांगली कसोटी मला सापडलेली नाही. आपल्याकडे ही कसोटी उत्तम रीतीने पार करणारी वस्तू स्वयंपाकघरात पूर्वीपासून होती, ती म्हणजे खवणीची विळी. पात्याने भाजी चिरायची आणि पात्याच्याच टोकावरच्या दातेरी चकतीने नारळ खवायचा. ही दोन कामं एका लोखंडात आली ती जागा वाचवायला म्हणून नव्हे. दोन्ही कामांना बैठक एकच लागते, पाटावर पाय एकच, दोन्ही हात मोकळे हवेत तेही दोन्हीला. माणसाला उठावं लागत नाही, वस्तू फिरवावी लागत नाही. दोन अवजारं एकत्र आणायला हे कारण पुरेसं आहे. जिथे असं कारण नाही तिथे नुसती गर्दी होते.

या कसोटीवर मी ज्या चाकूचं रसग्रहण करणार आहे त्याचं नाव कॉम्पॅक्ट. व्हिक्टोरिनॉक्स म्हणजे एल्सनरचीच कंपनी. तिचा हा 91 मिलिमीटर लांबीचा चाकू, वजन 64 ग्रॅमच्या आसपास, थर दोन. दुकानाच्या काचेमागे तो उठून दिसत नाही, कारण शेजारी त्याचे लठ्ठ भाऊबंद पिसारा फुलवून बसलेले असतात. पण या विषयात मुरलेल्या माणसांना एकच चाकू ठेवायला सांगितला तर त्यातले बरेच जण याच्याकडे वळतात.

पहिल्या थरात एका टोकाला मोठं पातं आहे आणि दुसऱ्या टोकाला एक चमत्कारिक दिसणारं जोडअवजार. पात्यापासून सुरुवात करू. ते लांबीला करंगळीएवढं आणि पाठीपासून धारेपर्यंत हळूहळू पातळ होत गेलेलं आहे. हल्लीच्या ‘टॅक्टिकल’ चाकूंची पाती जाड असतात, काळी असतात, जणू उद्या वाघाशी गाठ पडणार आहे. ती पेरूत घातली तर पेरू कापला न जाता फाटतो. हे पातं पेरूतून अलगद खाली उतरतं, टोमॅटोची साल दबत नाही, पार्सलच्या टेपवरून फिरवलं की आतल्या वस्तूला धक्का लागत नाही. उघडायला अंगठ्याच्या नखासाठी एक खाच आहे. एका हाताने उघडत नाही, ही त्याची उणीव म्हणून सांगतात. मला ती उणीव वाटत नाही. लोकलच्या डब्यात किंवा ऑफिसच्या टेबलावर दोन हातांनी, सावकाश उघडलेला चाकू पाहून शेजारी दचकत नाही. आपल्यासारख्या गर्दीत राहणाऱ्यांनी चाकूच्या या गुणाला मार्क द्यायला हवेत.

दुसऱ्या टोकाचं जोडअवजार हा कॉम्पॅक्टमधला सगळ्यात हुशारीचा भाग. कंपनीच्या नेहमीच्या चाकूंत डब्याचा ओपनर वेगळा आणि बाटलीचा वेगळा. दोघांनाही टोकाला एकेक स्क्रूड्रायव्हर, आणि दोघे मिळून एक सबंध थर अडवतात. इथे दोघांचं काम एकाच पोलादात आणलं आहे. टोकाला चपटा स्क्रूड्रायव्हर, बुडाशी वायर सोलायची खाच, आणि मध्ये एकच आकडी. ती बाटलीचं झाकण उचलते आणि तीच पत्र्यात घुसून डबा कापते. म्हणजे एका थरातली जागा मोकळी झाली. ती कशाला दिली हे पुढे येईलच.

या आकडीची परीक्षा घ्यायची तर हापूसच्या रसाचा बंद डबा घ्यावा. बऱ्याच डब्यांना आता ओढून काढायची कडी असते, पण आमरसाचा मोठा डबा अजून बहुधा जुन्या पद्धतीचाच असतो. पाडव्याला न्यू जर्सीत किंवा दुबईत पुऱ्या तळून झाल्यावर ‘ओपनर कुठे गेला’ ही हाक ज्या घरात ऐकू येते तिथे हा चाकू पाहुण्याने खिशातून काढावा. डब्याची कडा आकडीच्या खाचेत धरायची, मनगट जरासं वर उचलायचं, टोक पत्र्यात उतरतं. मग पुढे सरकवायचं, पुन्हा उचलायचं. कापलेला पत्रा एकसंध वळत जातो, मागे किरटे दात राहत नाहीत. प्रामाणिकपणे सांगायचं तर स्वतंत्र ओपनर असलेल्या चाकूपेक्षा इथे वेळ जास्त लागतो, आणि जोर लावताना मूठ थोडी आडवी पडते. एकाच आकडीकडून दोन कामं घेतल्याची ही किंमत आहे. महिन्यातून एखाद्या डब्यासाठी ती मला परवडते. रोज डबे उघडणाऱ्या केटररने या चाकूकडे पाहू नये.

आता दुसरा थर. तो सगळाच्या सगळा कात्रीला दिला आहे. ओपनरने रिकामी केलेली जागा इथे खर्च झाली आणि इथेच चाकूने आपला सगळा जीव ओतला आहे. चाकू म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत अर्धी जागा कात्रीला देणं याला धाडस लागतं. पण शहरातल्या माणसाचा दिवस बघा. दुधाची पिशवी, मसाल्याचं पाकीट, सदऱ्याचा लोंबणारा धागा, नव्या कपड्यावरची प्लॅस्टिकची शेपटी, वर्तमानपत्रातलं कात्रण, आजीच्या गोळ्यांच्या पट्टीतून मोजून तोडायच्या चार गोळ्या. या सगळ्याला कात्री लागते, आणि चाकूने ही कामं करायला गेलं की बोट कापतं किंवा दूध सांडतं.

कात्री उघडून बघण्यासारखी आहे. ती मुठीतून बाहेर येते तेव्हा बंद असते. पूर्ण बाहेर आली की एक पातळ पोलादी काडी तिच्या दोन दांड्यांना लांब लोटते आणि कात्री आपोआप आ वासते. बोटं घालायला कड्या नाहीत, कारण कड्यांना जागा लागते. खालची बाजू म्हणजे सबंध चाकूच. तो तळहातात धरायचा आणि वरच्या छोट्या दांडीवर अंगठा दाबायचा. दाब सोडला की काडी कात्रीला परत उघडते. म्हणजे या यंत्राला माणसाकडून फक्त एकेरी हालचाल हवी आहे, परतीचं काम ते स्वतः करतं. पाती सरळ धारेची आहेत. देलेमाँच्या वेंगर कंपनीचे जुने चाकू ज्यांनी वापरले त्यांना तिथल्या कात्रीची दातेरी धार आठवेल. सैन्याचं कंत्राट 1908 पासून या दोन कंपन्यांत विभागलं गेलं होतं आणि दोघींच्या कात्र्यांवरून शौकिनांत वाद चालत. 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली. वाद मिटला असं नाही. दातेरी धारेवर कागद निसटत नाही हे खरं, पण सरळ धारेने कापलेली कड जास्त स्वच्छ येते. मी कात्रणं ठेवणारा माणूस असल्यामुळे माझं मत कुणीकडे पडतं हे उघड आहे. या कात्रीतला सगळ्यात नाजूक अवयव ती काडीच, आणि कधी मोडली तर तीच मोडते.

चाकू उलटा करा. पाठीवर बुचाचा स्क्रू आणि एक आकडा. स्क्रू हा अधिकाऱ्यांच्या चाकूचा वारसा. आपल्याकडे तो निरुपयोगी म्हणून हसण्यावारी नेतात. नाशिकच्या वाईनच्या कित्येक बाटल्यांनाही आता फिरकीचं झाकण असतं. पण हा स्क्रू काढून टाकू नये. एक तर त्याच्या टोकाने घट्ट बसलेली गाठ सुटते, मग ती बुटाच्या नाडीची असो की किराणा दुकानदाराने आवळलेल्या सुतळीची. टोक गाठीत शिरवायचं, अर्धा वळसा द्यायचा, ओढायचं. दुसरं कारण त्याच्या पोटात दडलेलं आहे. स्क्रूच्या वेटोळ्यात तसाच पीळ असलेला एक इवलासा स्क्रूड्रायव्हर फिरवून बसवलेला असतो. चष्म्याच्या काडीचा स्क्रू सैल होतो तो कधीही चष्मेवाल्याच्या दुकानासमोर होत नाही, हे चष्मा वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. अशा वेळी नखाने, सेफ्टी पिनेने, सुरीच्या टोकाने झटापट करण्याऐवजी हा स्क्रूड्रायव्हर वेटोळ्यातून उलटा फिरवून काढायचा, अंगठा आणि तर्जनीत धरायचा, आणि दोन हलक्या वळशांत काडी जागेवर. बूच काढायला निघालेली वस्तू चष्मा दुरुस्त करणाऱ्या वस्तूचं घर झाली. क्षेमेंद्राला हे पटलं असतं असं मला वाटतं, कारण इथे वेटोळं हीच दोघांना जोडणारी गोष्ट आहे. दुसऱ्या कुठल्याही अवजारात तो स्क्रूड्रायव्हर राहिलाच नसता.

शेजारचा आकडा या चाकूंत 1991 मध्ये आला. दोरीने बांधलेलं पार्सल उचलायला म्हणून तो काढला. आपल्याकडे दोरीची पार्सलं उरली नाहीत, पण मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येताना बोटांवर उमटणारे लाल वळ अजून आहेत. पिशवीचे बंद आकड्यात अडकवायचे, मूठ तळहातात धरायची. सगळं वजन सबंध पंजावर पसरतं. या आकड्याच्या अंगावर नखं घासायची कानस कोरली आहे, ती मात्र मला अजिबात आवडत नाही. लांबी पुरत नाही, आकड्याचा बाक मध्ये येतो आणि बोटांना धरायला काही नीट सापडत नाही. दोन थरांच्या या कवितेतली ही एक भरीची ओळ.

मुठीच्या लाल कवचात चार बारक्या वस्तू खोवलेल्या आहेत. चिमटा, दातकोरणं, एक बोटभरही नसलेलं पेन आणि एक टाचणी. चिमटा आणि दातकोरणं पाहून मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही. जुन्या माणसांच्या चंचीत कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा एकाच कडीत ओवलेले असत, सुपारी, अडकित्ता आणि चुन्याच्या डबीच्या संगतीत. फरक एवढाच की इथे ती प्लॅस्टिकच्या कवचातल्या खोबणीत नुसत्या दाबावर बसतात. ती कवचंही डिंकाने चिकटवलेली नाहीत. रिव्हेटच्या डोक्यांवर दाबून बसवलेली असतात, त्यामुळे तडा गेला तर नवी लावता येतात. पेन आपत्कालीन आहे. बँकेतल्या दोरीला बांधलेल्या, न उमटणाऱ्या पेनापेक्षा मात्र बरं.

टाचणीबद्दल दोन शब्द जास्त, कारण तिच्या नशिबात एक गंमत झाली. मोबाइल फोन आले, त्यांच्या सिमकार्डाचा खण उघडायला एक सूक्ष्म भोक आलं, आणि त्या भोकात घालायची पिन प्रत्येकाच्या घरातून दुसऱ्याच दिवशी हरवते. मुठीच्या कडेत निमूट बसून राहिलेल्या टाचणीला अचानक रोजगार मिळाला. जुनं कामही सुटलेलं नाही. तळपायात बाभळीचा काटा मोडला की टाचणीने कातडी जरा मोकळी करायची आणि चिमट्याने काटा ओढून घ्यायचा. काट्याने काटा काढायची म्हण जुनी असली तरी टाचणी आणि चिमट्याची जोडी त्याहून कमी रडवते.

इथवर आकाराबद्दल बोललो. रस घ्यायचा तर धातूबद्दलही बोलायला हवं. एल्सनरांच्या कारखान्यात 1921 पासून न गंजणारं पोलाद वापरात आलं. सबंध चाकूला एकच टणकपणा दिला असता तर काम सोपं होतं. तसं केलेलं नाही. पोलादाचा टणकपणा मोजायची रॉकवेल नावाची मोजपट्टी आहे. तिच्यावर पातं 56 च्या आसपास, कात्री 53, ओपनर आणि स्क्रूड्रायव्हर 52, बुचाचा स्क्रू आणि स्प्रिंग 49. पात्याला धार धरायची असते म्हणून ते सगळ्यांत कडक. स्क्रूड्रायव्हरला पीळ सोसायचा असतो. तो पात्याइतका कडक केला तर टोक उडेल. स्प्रिंगला जन्मभर वाकायचं आणि परत यायचं आहे, म्हणून ती सगळ्यांत मऊ. हे आकडे वाचल्यावर उघडझाप करताना बोटांना जो वेगवेगळा प्रतिकार जाणवतो तोही निराळा लागायला लागतो. 56 हा आकडा महागड्या चाकूंच्या मानाने कमीच. असे शौकीन आहेत जे 60 च्या खालच्या पोलादाला हात लावत नाहीत. त्यांची धार महिनोन्‌महिने टिकते हे मान्य. गेली की ती आणायला हिऱ्याची पट्टी आणि एक रविवार लागतो. हे पातं लवकर बोथट होतं आणि साध्या निसण्यावर दहा-पंधरा हात मारले की परत येतं. अगदीच अडलं तर चिनीमातीच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली कडासुद्धा चालते. रोज वापरायच्या वस्तूला हेच शोभतं.

आंबा, फणस किंवा संत्रं कापल्यावर चाकू कोमट पाण्यात उघडमीट करून धुवावा, वाळवावा आणि सांध्यांत खायच्या तेलाचा एखादाच थेंब सोडावा. शिलाई मशीनचं तेल सहज हाताशी असतं, पण ज्या पात्याने फळ कापायचं त्याला ते नको.

आता त्या लठ्ठ भाऊबंदांकडे येऊ. स्विसचॅम्प 1985 मध्ये आला. 33 कामं, 185 ग्रॅम वजन, आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात जागा. त्यात भिंग आहे, पटाशी आहे, छोटी पक्कड आहे, माशाची खवलं काढायची पट्टीसुद्धा आहे. पाहायला तो सुंदरच. पण मालवणात कुणाला या पट्टीने सरंग्याची खवलं काढताना मी पाहिलेलं नाही आणि पाहीन असंही वाटत नाही. तिथे विळी आहे. स्विसचॅम्प संग्रहालयात शोभतो, काचेच्या कपाटात शोभतो, प्रवासाच्या बॅगेत चालून जातो. खिशात तो दगडासारखा लागतो. एकेक अवजार घेऊन पाहिलं तर वाईट एकही नाही. ती सगळी एकाच माणसाला एकाच दिवशी लागतील असा माणूस मात्र कोण, हे सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या लेदरमनचं तसं नाही. तो वेगळ्याच घराण्याचा आहे आणि त्याला स्विस मापाने मोजणं अन्यायाचं होईल. टिम लेदरमन हा ऑरेगॉनचा मेकॅनिकल इंजिनियर 1975 मध्ये पत्नीबरोबर जुन्या फियाटमधून युरोप हिंडत होता. गाडी कुरकुरायची, हॉटेलांतले नळ गळायचे, आणि खिशात होता फक्त घडीचा चाकू. त्याला पदोपदी पक्कड हवी होती. परतल्यावर नमुना करण्यात त्याची तीन वर्षं गेली, 1980 मध्ये पेटंट मिळालं, पण घ्यायला कुणी तयार होईना. अखेर 1983 मध्ये केबेलाज या टपालाने माल विकणाऱ्या दुकानाने 500 नगांची पहिली मागणी नोंदवली. त्या अवजारात केंद्रस्थानी पक्कड आहे; चाकू, कानस, स्क्रूड्रायव्हर हे सगळे तिच्या दोन पोकळ दांड्यांत दडलेले. दांड्या उलट्या फिरवल्या की पक्कड त्यांच्या पोटात जाते आणि त्याच दांड्या तिचं म्यान होतात. कल्पना म्हणून ही एल्सनरच्या स्प्रिंगच्या तोडीची आहे. पहिल्या मॉडेलच्या दांड्यांच्या कडा तळहातात रुतत, आतली अवजारं काढायला आधी सगळं उघडावं लागे. 1998 च्या वेव्ह या मॉडेलमध्ये पाती बाहेरून उघडायला लागली आणि ती उघडल्यावर पक्की अडकतात. आजचा वेव्ह 241 ग्रॅमचा आहे, पाव किलोला जरा कमी. तो खिशात नाही, कमरेच्या पट्ट्यावर राहतो.

ज्याच्या दिवसात तार, नट, खिळा, पंपाची क्लिप किंवा मोटारसायकलची केबल आहे त्याने लेदरमनच घ्यावा. कॉम्पॅक्ट त्याच्या काही उपयोगाचा नाही. पक्कड ही अशी चीज आहे की तिचं काम दुसरं कुणी करू शकत नाही, आणि स्विस चाकूंतली छोटी पक्कड चिमट्याच्या जरा वरच्या पायरीवर आहे इतकंच. ज्याचा दिवस पाकिटं, पार्सलं, फळं, धागे आणि चष्मा यांत जातो त्याने मात्र पाव किलो लोखंड कमरेला बांधून फिरण्यात अर्थ नाही. असे लोक मी पुष्कळ पाहतो. त्यांच्या पट्ट्यावरचं म्यान कोरं करकरीत असतं.

कॉम्पॅक्टच्या दोन मर्यादा घेण्याआधी माहीत असाव्यात. पातं उघडल्यावर अडकत नाही, फक्त स्प्रिंगच्या जोरावर उभं राहतं. ओढून कापायचं, टोक रोवून ढकलायचं नाही. ढकललं तर ते बोटांवर मिटतं. आणि मूठ विजेपासून वाचवणारी नाही. वायर सोलायची खाच बघून कुणी चालू बोर्डात हात घालू नये, त्यासाठी पन्नास रुपयांचा टेस्टर वेगळा ठेवावा. विमानाने जाताना चाकू हातातल्या पिशवीत चालत नाही, आधीच जमा करायच्या बॅगेत टाकावा लागतो. नाहीतर सुरक्षा तपासणीतल्या ट्रेमध्ये त्याचा कायमचा निरोप घ्यावा लागतो.

माझी खरी तक्रार फुली-स्क्रूची आहे. आपल्या घरांत स्विचबोर्डाच्या झाकणापासून खेळण्याच्या बॅटरीच्या खणापर्यंत सगळीकडे फुलीचे स्क्रू आहेत आणि कॉम्पॅक्टच्या जोडअवजाराचं चपटं टोक रुंद असल्यामुळे त्यांत बसत नाही. चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर लहान स्क्रूंना चालतो, पण बोर्डाच्या स्क्रूपुढे तो हास्यास्पद ठरतो. कंपनीने यावर उत्तर दिलेलं आहे: टिंकर. त्याच 91 मिलिमीटरचा, तोही दोन थरांचा. पाठीवर बुचाच्या स्क्रूऐवजी फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पुढे दोन पाती आणि दोन स्वतंत्र ओपनर. डबे तो कॉम्पॅक्टपेक्षा झटपट उघडतो. पण बुचाचा स्क्रू गेला म्हणजे चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरचं घर गेलं, आणि दोन ओपनरांनी थर अडवला म्हणजे कात्री गेली. दोन्ही हवंच असेल तर सुपर टिंकर आहे. त्यात फुली आहे, कात्री आहे, आकडाही आहे, आणि थर तीन आहेत. तो तिसरा थर खिशात घालून दुकानातच दोन मिनिटं बसून बघावं, आणि मग पैसे द्यावेत.